शिक्षकाचा वाचलेला वेळ

आमच्या शाळेत रेडिओ आला तेव्हा त्याला ओवाळायला पाच सवाष्णी उभ्या होत्या. मी त्याच शाळेत रुजू झाले तेव्हा होडीवाल्याशिवाय कुणी नव्हतं, आणि तोही मला उतरवताना एवढंच म्हणाला, "बाई, चपला हातात घ्या, हितं गाळ हाय." कुणाच्या वाट्याला मान आणि कुणाच्या वाट्याला चिखल, हे तिथे पहिल्यापासूनच ठरलेलं होतं.

गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्यापलीकडचं. एस.टी. अलीकडच्या काठाला सोडायची, पुढे होडी. शाळा म्हणजे मंगलोरी कौलांची एक खोली आणि तिच्यापुढे पडवी. खोलीत गुरुजी तिसरी-चौथी घ्यायचे, पडवीत मी पहिली-दुसरी. गुरुजी मुख्याध्यापक होते. पेन्शनला तीन वर्षं उरलेली, आणि त्या तीन वर्षांत आपल्या हातून काहीही घडू नये, चांगलंसुद्धा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. मी पुण्यात शिकून आलेली, बाविशीची, नाकाच्या शेंड्यावर राग. तो अजूनही तिथेच आहे.

दुसऱ्या शिक्षकाची जागा गावाला फार खटपटीने मिळाली होती. त्याआधी कित्येक वर्षं गुरुजी एकटेच चार वर्ग सांभाळत. चौथीची परीक्षा असायची, म्हणून सगळा जीव चौथीवर. पहिलीची पोरं पाटीवर एकच अक्षर दिवसभर गिरवायची आणि कंटाळून गुरांमागे निघून जायची. मी आले आणि पडवी भरली. हे मी स्वतःची पाठ थोपटायला सांगत नाही, माझ्या जागी दुसरी कुणी आली असती तरी भरली असती. वरच्या पठारावर धनगरांची चार-पाच घरं होती. ती माणसं शेळ्या-मेंढ्या सोडून कशासाठी खाली उतरत नसत, पण त्यांनीही पोरी पाठवायला सुरुवात केली. त्यातल्या एका पोरीची आई मला तोंडावर म्हणाली, "बाई हाय म्हून धाडतुया. गुर्जी एकलं असतं तर न्हाई धाडली." पडवी टिकायची तर दुसरी जागा टिकायला हवी, हे गावात शेंबड्या पोराला कळत होतं. ते कळून घ्यायची गरज फक्त तालुक्याच्या ऑफिसला नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. खेड्यापाड्यांतल्या शाळांना रेडिओ द्यायचा, त्यावर दुपारी अडीचला पुण्याहून शालेय कार्यक्रम लागणार, तो पोरांना ऐकवायचा आणि शिक्षण एकदम पुढे न्यायचं, असं वर कुठेतरी ठरलं. वीज गावात नव्हती, म्हणून रेडिओ सेलवर चालणारा. वर ज्यांनी ठरवलं त्यांनी एवढा विचार केला, हेच खूप झालं.

तर रेडिओ आला. गुरुजींच्या टेबलावर नवा टॉवेल अंथरून त्याला बसवला. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. गुरुजींनी भाषण केलं. विज्ञान, विकास, शासनाची कृपादृष्टी, सगळं त्यात येऊन गेलं. मग त्यांनी बटण फिरवलं.

खर्रर्र.

त्यांनी काटा डावीकडून उजवीकडे नेला, उजवीकडून डावीकडे आणला. खरखर कमी-जास्त व्हायची, एवढाच फरक. गाव मात्र हात जोडून ऐकत होतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने अदबीने विचारलं, "गुर्जी, ही कंची भाषा म्हनायची?"

"थांबा, येतंय," गुरुजी म्हणाले. त्यानंतर दीड वर्ष ते "येतंय" म्हणत होते.

आम्ही हात टेकेपर्यंत प्रयत्न केले. तांब्याची तार आणून ती उंबरावर बांधली, मग कौलांवर, मग देवळाच्या शिखरावर. एकदा चौथीच्या पोरांनी रेडिओ पठारावर नेला. तिथे अर्धं गाणं ऐकू आलं आणि शेळ्या बुजून पळाल्या. शेवटी मी तो पिशवीत घालून पौडच्या बाजारात नेला. तिथे सेल विकणारे आणि रेडिओ दुरुस्त करणारे एक मुसलमान दुकानदार होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचांनी बटण फिरवलं आणि बाजारात बातम्या सुरू झाल्या, अगदी खणखणीत. मला त्या रेडिओचा संताप आला.

चाचांनी गावाचं नाव विचारलं आणि हसले. "बाई, सेट एक नंबर हाय. खराबी तुमच्या गावात हाय. मदी त्यो येवडा डोंगूर हुबा हाय, त्यो हलवाया माज्याकडं पाना न्हाई." सेल घ्यायचा आग्रहही त्यांनी केला नाही. ह्या सबंध प्रकरणात खरा तांत्रिक अहवाल एवढा एकच मिळाला आणि तो कुणी लिहून घेतला नाही.

लिहून घ्यायचं होतं ते वेगळंच. रेडिओच्या मागोमाग एक तक्ता आला. उलगडला की गुरुजींचं टेबल झाकून खाली लोंबायचा. वर ठळक अक्षरांत 'नियोजन व प्रगती'. रेडिओ शाळेत कसा रुजणार ह्याचे तीन टप्पे छापलेले होते: परिचय, सराव आणि स्वावलंबन. खाली रकाने. प्रसारणाचे दिवस, ऐकणारे विद्यार्थी, ऐकलेली मिनिटं, विद्यार्थ्यांना पडलेले प्रश्न, समजलेला भाग टक्क्यांत. सगळ्यात शेवटी, अगदी कडेला, एक अरुंद रकाना: 'रेडिओमुळे शिक्षकाचा वाचलेला वेळ (दररोज)'. तळाला सूचना होती, 'कोणताही रकाना रिकामा सोडू नये.' रेडिओ लागतो का, असा रकाना कुठेच नव्हता.

पहिल्या महिन्यात गुरुजींच्या अंगात खरेपणा संचारला. त्यांनी सगळ्या तक्त्यावर आडवं लिहिलं, 'डोंगरामुळे रेडिओ लागत नाही.' आठवड्यात उत्तर आलं. शासकीय उपकरण वापरात न आणल्याबद्दल आपल्याविरुद्ध कारवाई का करू नये, ह्याचा खुलासा सात दिवसांत करावा. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. ते पत्र त्यांनी चार घड्या करून टोपीत ठेवलं आणि दिवसभर टोपी काढली नाही.

"गुरुजी, खुलासा देऊ. डोंगर आहे तो आहे," मी म्हणाले.

"डोंगरावर कारवाई होत नसते, बाई," ते म्हणाले. मग टोपी नीट बसवत म्हणाले, "तुमचं अक्षर फार छान आहे."

असा तो तक्ता माझ्याकडे आला. माझं अक्षर खरंच छान होतं आणि छान आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं चालेनासं व्हायचं, तेव्हाही आणि पुढे बरीच वर्षं. मी गुरुजींना एकच अट घातली, की पोरांना काही न शिकवता खोटं लिहिणार नाही. मला वाटलं, केवढी मी तत्त्वाची बाई!

तक्त्याबरोबर दर महिन्याला एक पुस्तिका यायची. रेडिओवर कोणत्या दिवशी कोणता पाठ, त्यातली गोष्ट काय, पोरांनी कुठे टाळ्या वाजवायच्या, कुठे हसायचं, सगळं छापलेलं. ज्या कुणी ते पाठ लिहिले होते त्यांनी मन लावून लिहिले होते, हे कबूल केलं पाहिजे. मी ती पुस्तिका वाचायची आणि दुपारी अडीचला, रेडिओशेजारी उभी राहून, तो पाठ स्वतः करायची. मोर व्हायची, माकड व्हायची, सासरी निघालेली चिमणी व्हायची. एका पाठात म्हातारा भोपळा वाजवत येतो. त्याच्यासाठी मी डबा वाजवायची. पोरं खुळ्यासारखी हसायची, आणि कोणत्या पाठात कुठे हसायचं तेही त्यांना तोंडपाठ झालं. मघाशी सांगितलेली धनगराची पोर, पहिलीतली, इतकी हसायची की तिला उचकी लागायची. तिच्या वाडीतून आणखी दोघी आल्या, मग त्यांच्या पाठची भावंडं आली. तिसरी-चौथीची पोरं खोलीच्या दारातून माना काढून बघायची आणि गुरुजी त्यांना रागवायचं विसरून स्वतःच बघायचे.

मग मी तक्ता भरायला बसायची. ऐकणारे विद्यार्थी: सर्व. समजलेला भाग: शंभर टक्के. ह्यात खोटं काय होतं? पोरांनी ऐकलंच होतं, त्यांना समजलंही होतं. फक्त कोण बोललं एवढंच लिहायचं राहिलं होतं, आणि त्याला रकाना नव्हता.

राहता राहिला तो शेवटचा अरुंद रकाना. शिक्षकाचा वाचलेला वेळ. वेळ कसला वाचतोय! माझा तर उलट जात होता, आदल्या दिवशी पाठ बसवा, डबे गोळा करा. पण रकाना रिकामा सोडायचा नव्हता, म्हणून मी 'अर्धा तास' लिहिलं. अर्धा तास म्हणजे काहीच नाही, असं माझ्या मनात होतं. दुसऱ्या महिन्यातही अर्धाच तास लिहिला, तर तक्ता परत आला. लाल शाईत शेरा, 'प्रगती दिसत नाही.'

बरं, प्रगती तर प्रगती. मी पाऊण तास केला. पुढल्या महिन्यात एक. मग सव्वा. बाकीचे रकाने शंभर टक्क्यांना टेकले होते, त्यांना वर जायला जागा नव्हती, म्हणून ऑफिसची प्रगतीची सगळी भूक ह्या एका रकान्यावर येऊन पडली. मी महिन्या-महिन्याने थोडा थोडा वेळ वाचवत गेले. वाणी जसा तराजूचा काटा बघत गुळाचा एकेक खडा टाकतो तशी मी कधी पाव, कधी अर्धा तास टाकत होते. ऑफिसने सांगितलं नव्हतं तरी ग्राफपेपर आणला आणि त्यावर लाल शाईने रेघ काढली. रेघ चढत होती. मला ती रेघ आवडायची. खोटं कशाला बोलू, शनिवारी शाळा सुटल्यावर मी ती भिंतीला लावून लांबून बघत उभी राहायची. दीड वर्षाने ती पाच तासांवर पोचली. आमची शाळा भरायची साडेपाच तास. पुढल्या महिन्यात काय लिहायचं, एवढीच चिंता मला होती. पाच तासांचा अर्थ काय होतो हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. डोक्यात अक्षर होतं.

आणि मग साहेब आले.

साहेब म्हणजे शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी. ते येणार हे आठ दिवस आधी कळलं आणि गुरुजींनी अन्न सोडलं. साहेबांनी बटण फिरवलं तर खरखर ऐकू येणार, म्हणजे दीड वर्षाचे तक्ते आमच्या गळ्यात. मी गुरुजींना धीर दिला. साहेब अकराला येणार, परतीची एस.टी. दीडची, त्यासाठी होडी एकला. कार्यक्रम अडीचला. कोणताही साहेब रेडिओसाठी एस.टी. सोडत नाही, हे मला त्या वयातही माहीत होतं. तरीही आम्ही तालीम घेतली. पोरांनी रेडिओपुढे रांगा करून बसायचं, हाताची घडी, मान किंचित कलती. एक शब्द बोलायचा नाही. मी पडवीच्या खांबाशी उभी राहून पुस्तिकेतलं पान उलटणार, ते पान उलटलं की हसायचं. पोरांना हा खेळ फार आवडला. बंद रेडिओ ऐकण्यात ती इतकी तरबेज झाली की मलाच एकदा वाटलं, आपल्याला ऐकू येत नाही की काय.

साहेब आले. घामाघूम झालेले, पायजम्याच्या काठाला चिखल. पोहे-चहा झाला. रेडिओ टॉवेलवर विराजमान होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पोरांना म्हणाले, "आत्ता कार्यक्रम नसेल. पण तुम्ही रोज कसे ऐकता ते जरा दाखवा बरं."

आणि पोरांनी ऐकून दाखवलं. सबंध पडवी बंद रेडिओकडे कान लावून बसली. मी पान उलटलं. सगळी एकदम हसली. धनगराच्या पोरीला उचकीसुद्धा लागली. साहेबांचा चेहरा फुलला. बटण त्यांनी शिवलंही नाही. मला आत हसू फुटत होतं. साहेबांनी प्रश्न विचारले. मोराची गोष्ट, माकडाची गोष्ट, चिमणीच्या सासरचा रस्ता, पोरांनी धडाधड सांगितलं. भोपळ्याचा म्हातारा तर एकाने करूनच दाखवला.

साहेब धनगराच्या पोरीपुढे वाकले. "काय गं, रेडिओतली बाई आवडते का?"

पोरीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय. लई ग्वाड बोलती."

साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं. जाताना शेरेबुकात लिहिलं, 'दुर्गम भागातील शाळेने साधलेली प्रगती थक्क करणारी आहे.' थक्क आम्हीही झालो होतो. होडी लांब गेल्यावर गुरुजींनी टोपी काढली, त्यातलं ते जुनं पत्र फाडून पाण्यात टाकलं आणि दोन वाट्या दहीभात खाल्ला. मी पोरांना गुळाचे खडे वाटले. आपण जिंकलो, असं मला खरंच वाटत होतं.

मे महिन्याच्या सुट्टीआधी जाडजूड पाकीट आलं. वर होतं ते प्रशस्तिपत्र, सोनेरी कडेचं. शाळा तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे स्वावलंबनाला पोचल्याबद्दल अभिनंदन. गुरुजींनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. त्याखाली दुसरा कागद होता. तो त्यांनी मोठ्याने सुरू केला आणि दुसऱ्या ओळीवर आवाज बसला. रेडिओच्या यशस्वी वापरामुळे सदर शाळेत शिक्षकाचे दररोज पाच तास वाचत असल्याने, दुसऱ्या शिक्षकाचे पद जूनपासून कमी करण्यात येत आहे. पदावरील शिक्षिकेची बदली भूगावकडच्या शाळेत.

पडवीतली पोरं टाळ्या वाजवत होती. गुरुजी काही वाचतात म्हणजे चांगलंच असणार, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या ऑफिसात गेले. साहेबांनी बसायला सांगितलं, चहा सांगितला. आमची फाइल काढली. त्यात माझे अठरा तक्ते एकाखाली एक लावलेले, आणि वर माझा ग्राफ. त्याच्या चार प्रती करून साहेबांनी त्या वर पाठवल्या होत्या. "बाई, तुमच्यासारखं काम कुणी केलं नाही तालुक्यात," ते म्हणाले, आणि ते टिंगल करत नव्हते, हीच खरी अडचण होती.

"साहेब, आमच्याकडे रेडिओ लागत नाही," मी म्हणाले. "एक दिवससुद्धा लागलेला नाही. पाठ मी घेत होते. पोरांना येतं ते मी शिकवलंय. मी गेले की ती पडवी रिकामी होईल."

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग फाइल माझ्याकडे वळवून विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि सही?"

"गुरुजींची."

"मग मी काय लिहू? शाळेने दीड वर्ष खोटे अहवाल दिले, असं लिहू? लिहितो. तुमची जागा राहील की नाही सांगता येत नाही, पण तुमच्या गुरुजींची चौकशी लागेल. पेन्शनला किती राहिलंय त्यांचं?"

"एक वर्ष."

"बघा," साहेब म्हणाले, आणि चहा माझ्यापुढे सरकवला. ते दुष्ट नव्हते. त्यांनाही वर एक तक्ता पाठवायचा होता आणि त्यातही रिकामा रकाना चालत नव्हता.

मी चहा प्यायले. मूग गिळून बाहेर आले. आज कुणी मला विचारलं की आयुष्यात सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते, तर त्या चहाची. मी ओरडायला हवं होतं. त्या गुरुजींची पेन्शन आणि त्या पोरांची पडवी, ह्यातलं काय वाचवायचं ते मी एका कपाच्या वेळात ठरवून टाकलं, आणि वर स्वतःला दयाळूही म्हणवून घेतलं. परत जाताना एस.टी.त मला धनगराच्या पोरीच्या आईचे शब्द आठवले, 'गुर्जी एकलं असतं तर न्हाई धाडली.'

तिला मी स्वतः सांगायला पठारावर गेले. ती शेळीचं दूध काढत होती. सगळं ऐकून घेतलं आणि धार न थांबवता म्हणाली, "मंग रेडू माघारी न्या म्हनावं, बाई तितं ऱ्हावू द्या." सबंध तालुक्याच्या नियोजनात इतकी साधी दुरुस्ती कुणी सुचवली नव्हती. तिने मला वाटीभर दूध दिलं.

जूनमध्ये मी नव्या शाळेत हजर झाले. तिथे वीज होती, चार शिक्षक होते आणि रेडिओ कपाटात कुलूपबंद होता, चोरीला जाऊ नये म्हणून. जुन्या शाळेत माझी ट्रंक आणि थोडी पुस्तकं राहिली होती. ती आणायला ऑगस्टात, पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा गेले. होडीवाल्याने ह्या खेपेला माझ्या चपला स्वतः हातात घेतल्या, तेवढीच माझी बढती.

चढ चढून वर आले तर दुपारचे अडीच वाजत आले होते. पडवीतून आवाज येत नव्हता. मला वाटलं, पडवी रिकामी झाली, माझं भाकीत खरं ठरलं. त्याचं मला दुःख झालं आणि थोडं बरंही वाटलं, हेही सांगून टाकते.

पडवी रिकामी नव्हती. होती तेवढी सगळी पहिली-दुसरी रांगा करून बसलेली होती. समोर रेडिओ, त्याच टॉवेलवर. टॉवेल आता मळला होता. हाताची घडी, मान किंचित कलती. खरखरही नव्हती, सेल केव्हाच संपलेले असणार. आतून गुरुजींचा चौथीला भागाकार सांगतानाचा थकलेला आवाज येत होता. मी पायरीवर पाऊल ठेवलं आणि "काय रे पोरांनो" म्हणणार, तोच पहिल्या रांगेतली धनगराची पोर वळली; आईने तिला धाडायचं थांबवलं नव्हतं तर. मला बघून तिचा चेहरा उजळला, पण तिने लगेच तोंडावर बोट ठेवलं.

"बाई, गप ऱ्हावा," ती कुजबुजली. "रेडू चालू हाय."

मी पायरीवरच बसले.

गुरुजी बाहेर आले. खूप वाळले होते. मला बघून ओशाळले, मग पडवीकडे हात करून म्हणाले, "काय करू, बाई? एकटा आहे. इथे बसवलं की तास-दोन तास हलत नाहीत. तुम्हीच सवय लावलीत." ते दोष देत नव्हते, आभार मानत होते. ट्रंक काढायला त्यांनी मला मदत केली, पाणी दिलं, आणि मी निघताना टेबलावरचा मोठा कागद हळूच माझ्याकडे सरकवला. लाल शाईची दौत शेजारी ठेवली. "आल्याच आहात तर तेवढा हा महिना... माझं अक्षर त्यांना लागत नाही."

मी खुर्चीत बसले आणि तक्ता भरला. ऐकणारे विद्यार्थी: सर्व. शेवटच्या रकान्यात 'पूर्ण दिवस' लिहिलं. माझ्या अठरा तक्त्यांत त्या रकान्यातलं एकदाही खरं नव्हतं. ह्या एकोणिसाव्यात होतं.

ट्रंक एका माणसाच्या डोक्यावर देऊन मी उतरायला लागले. पाण्याशी पोचले तेव्हा मागून, वरून, पडवीतली सगळी पोरं एकदम हसली. माझ्याबरोबरचा माणूस थांबून म्हणाला, "काय झालं वं बाई?"

काही झालं नव्हतं. ती भोपळ्याच्या म्हाताऱ्याची जागा होती. तिथे हसायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.